मोळी, आंघोळ आणि फकिरा

"पोरांना कादंबऱ्या कशाला वाचायला देता? स्पर्धा परीक्षेची पुस्तकं द्या, नाहीतर थेट बाबासाहेब वाचू द्या." विहारात दर रविवारी नववी-दहावीच्या मुलामुलींबरोबर आम्ही जुन्या मराठी कादंबऱ्यांवर चर्चा सुरू केली, तेव्हापासून हे ऐकतो आहोत. सांगणारे परके नाहीत, चळवळीतलेच आहेत. त्यांना आमचं उत्तर साधं आहे. चौदा वर्षांच्या पोराला जातिव्यवस्थेची व्याख्या पाठ करायला लावली तर तो ती जयंतीच्या भाषणात घडाघडा म्हणतो आणि खाली उतरला की विसरतो. पण एखाद्या पात्राच्या जागी त्याला उभं केलं तर तो भांडतो. आम्हाला भांडणारी पोरं हवी आहेत.

दुसरा आक्षेप असा की, 'श्यामची आई' का? आपलं साहित्य कमी पडलं काय? नाही पडलं. पण ते पुस्तक पोरांना शाळेत भेटतंच, आणि तिथे ते एकाच पद्धतीने भेटतं. आईचे संस्कार, माया, करुणा; खाली तात्पर्य.

त्यातली मोळीची गोष्ट आम्ही वाचली. एका महार म्हातारीची मोळी तिच्या डोक्यावर चढवायला आई श्यामला सांगते आणि घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. वाचून होताच नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, आंघोळ कशाला?" एक मुलगा आईच्या बाजूने उठला. त्या काळात गाव काय म्हणेल हे तिला बघावं लागलं असेल, तरी तिने मदत तर केली. मुलगी ऐकेना. "मोळी उचलली हे उत्तरात लिहायला सांगतात, आंघोळ कोणीच लिहायला सांगत नाही." अर्धा तास ते दोघं एकमेकांना सोडत नव्हते. आम्ही मध्ये पडलो नाही. शेवटी फक्त दोन तारखा फळ्यावर लिहिल्या. हे पुस्तक छापून आलं १९३५ साली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. पुढे १९४७ च्या मे महिन्यात याच साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, हेही सांगितलं. माणसाला एका पानावरून निकालात काढायचं नसतं, आणि पान झाकायचंही नसतं. दोन्ही जमायला हवं. आपल्या वक्त्यांना बहुधा पहिलं जमत नाही, शाळेला दुसरं.

खरी कसोटी 'फकिरा'ची होती. आमच्या विहाराच्या मागच्या गल्लीत मातंग वस्ती आहे. तिथली चार-पाच पोरं येतात, पण सतरंजीच्या एका टोकाला एकत्र बसतात. १ ऑगस्ट २०२४ ला, नेमका अण्णाभाऊंच्या जयंतीच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी दिली. तेव्हापासून दोन्ही गल्ल्यांतली मोठी माणसं व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना काय काय बोलली, ते पोरांनी वाचलेलं आहे. उपवर्गीकरणावर मतभेद जरूर असावेत, आमच्या आमच्यातही आहेत. पण ते शिव्यांनी मांडायचे नसतात.

तर 'फकिरा' काढल्यावर तिकडच्या टोकाचा एक मुलगा म्हणाला, "हे आमचं पुस्तक आहे." इकडून लगेच, "मग आम्ही कशाला वाचायचं?" आम्ही अर्पणपत्रिकेचं पान उघडून दोघांच्या मध्ये ठेवलं. १९५९ ची ही कादंबरी वाटेगावच्या मांगवाड्यातल्या माणसाने बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. शाळेत दीडच दिवस गेलेला माणूस, हे कळल्यावर दोन्ही टोकं गप्प झाली. जादू वगैरे काही झाली नाही. त्या दिवशी पोरं तशीच वेगवेगळी घरी गेली.

पण पुढच्या रविवारी वाद वेगळाच निघाला. दुष्काळात फकिरा धान्य लुटतो, खजिना लुटतो, ही चोरी की नाही? चोरी म्हणणारे दोन्ही टोकांना होते, नाही म्हणणारेही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, माणसांना रोजची हजेरी लावली, आणि तो कायदा १९५२ पर्यंत रद्द झाला नव्हता, हे सांगितल्यावर एकाने विचारलं, "म्हणजे चोरी न करताच चोर?" मग विष्णुपंत कुलकर्णी निघाले. मांगांच्या पाठीशी उभा राहणारा ब्राह्मण अण्णाभाऊंनी का घातला? आमच्यातले एक ज्येष्ठ अस्वस्थ झाले, पोरं नाही झाली. महाडला २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर सहस्रबुद्धे यांनी मांडला होता, ही आठवण आम्ही त्या ज्येष्ठांसाठीच करून दिली.

आता मुलींनी हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' निवडली आहे. १८९० पासून 'करमणूक'मध्ये छापून आलेली, एका ब्राह्मण घरातल्या यमूची कहाणी. बायकांच्या दुःखाला जात असते का, असा प्रश्न आंघोळवालीने आधीच वहीत लिहून ठेवला आहे. दुसऱ्या एकीने विचारलं, आईला आणलं तर चालेल का, ती दुपारी दोनपर्यंत धुण्याभांड्याच्या कामावरून येते. चर्चा आम्ही तीनला ठेवली आहे. पुस्तकाच्या दोनच प्रती आहेत, तिसरी शोधतो आहोत.