सपाट रेघ

भोसरी एमआयडीसीतल्या एका दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मी नुकताच लागलो होतो. मी तपासून पाठवलेला मोटर ड्राइव्ह आठ दिवसांत परत आला. तक्रार अशी, की शेजारचा कॉम्प्रेसर सुरू होताना लाइन जराशी बसली की हा अंडरव्होल्टेजवर ट्रिप होतो.

"कपॅसिटर बघितले होतेस?" मामांनी विचारलं. वर्कशॉपमधले सगळेच त्यांना मामा म्हणायचे.

"हो मामा. लोडवर रिपल शून्य होता."

"शून्य? नव्या कपॅसिटरलाही शून्य येत नाही. परत लाव."

415 व्होल्टची थ्री-फेज लाइन रेक्टिफाय झाली की डीसी बसवर 587 व्होल्टपर्यंत जातं. कपॅसिटर अजिबात नसले तर हेच व्होल्टेज सेकंदाला 300 वेळा 508 पर्यंत खाली येईल. कपॅसिटर हा खड्डा भरून काढतात; वाळत आले की खड्डा खोल होतो, आणि लाइन बसली तर हाताशी साठा उरत नाही. मला हा खड्डा, म्हणजेच रिपल, स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) बघायचा होता.

मी डिफरन्शियल प्रोबच्या क्लिपा बसच्या प्लस-मायनसला लावल्या. साधा प्रोब इथे चालतच नाही. त्याची ग्राउंड क्लिप स्कोपच्या बॉडीतून थेट अर्थला जाते आणि बसचा मायनस म्हणजे अर्थ नव्हे. क्लिप लावली की स्फोट. त्यावर उपाय म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थ पिन कापणारे लोक मी पाहिले आहेत. मग बॉडीवरच बसचं व्होल्टेज येतं आणि माणूस त्याच बॉडीवरची बटणं फिरवत असतो. हे कोणीही करू नये.

आमच्या प्रोबला दोन रेंज होत्या, 50 एक्स आणि 500 एक्स. सिग्नल मोठा दिसावा म्हणून मी 50 एक्स घेतली होती आणि स्कोपवर एसी कपलिंग. याही वेळी तीच सपाट, सुंदर रेघ आली.

मामांनी कपलिंग डीसीवर टाकलं. स्कोपवर साधारण 140 व्होल्ट. मीटरवर 580.

माझ्या पोटात गोळा आला. 50 एक्सची मर्यादा ±130 व्होल्ट. प्रोबवर 1300 हा आकडा छापलेला होता, तेवढाच माझ्या लक्षात राहिला होता. पण तो आकडा 500 एक्सचा, आणि अर्थपासून प्रत्येक टोक किती वर जाऊ शकतं त्याचा. दोन टोकांमधल्या फरकाची मर्यादा रेंजबरोबर बदलते. ती ओलांडली तेव्हा प्रोब जळला नाही. आतला ॲम्प्लिफायर वरच्या टोकाला जाऊन टेकला आणि रिपल तिथेच कापला गेला. उरलेलं स्थिर व्होल्टेज एसी कपलिंगने गाळलं. ओव्हररेंजचा लाल दिवा लागला होता. त्याचा बझर मात्र कटकट नको म्हणून कधीचा बंद होता.

"ऑफसेट देऊन खाली आणलं तर?" मी विचारलं.

"कुठला ऑफसेट? स्कोपचा नॉब चित्र सरकवतो. प्रोबच्या आत जे कापलं गेलं ते परत येत नाही."

प्रोबवरचा छोटा स्क्रू फक्त शून्य जुळवण्यापुरता होता. काही प्रोबमध्ये ठरावीक डीसी ॲम्प्लिफायरच्या आधीच वजा करता येतं, पण इनपुट सोसण्याची कमाल मर्यादा त्यानेही वाढत नाही. तरी तो स्क्रूही दुर्लक्ष करण्यासारखा नाही: 500 एक्सवर आउटपुटची 2 मिलिव्होल्टची चूक म्हणजे स्क्रीनवर चक्क 1 व्होल्ट. मामांनी प्रोब वीस मिनिटं तापू दिला, क्लिपा एकमेकींना जोडून शून्य जुळवलं. मग ड्राइव्ह चालू असताना दोन्ही क्लिपा बसच्या प्लसलाच लावायला सांगितल्या. खरं तर तिथे काहीच दिसायला नको. जे काही दिसलं ते प्रोबचं स्वतःचं. ते मी वहीत लिहून घेतलं.

मग 500 एक्स, एसी कपलिंग. रेघ जाड आली, नॉइजने थरथरणारी, आणि त्यात 60 व्होल्टचे खड्डे, एकामागून एक.

संध्याकाळी कपॅसिटर बदलले. बझर मी त्याआधीच चालू केला होता.