दोन फेऱ्यांना एक

अमीनाबादेत ‘गडबडझाला’ नावाचा बाजार आहे. नेमक्या त्याच्याच तोंडाशी, वडिलांच्या पश्चात आम्ही साताऱ्याहून आणलेली फटफटी खडखडून थांबली. टेन्शनर निकामी होऊन कॅमची साखळी दाते सोडून सरकली होती. आम्ही अधीरपणे पुन्हा किक मारणार, तोच एका वृद्ध मिस्त्रीने हात धरला: “जल्दी न कीजिए, हुजूर!” व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकले असते.

त्याने मॅग्नेटवरची ‘टी’ खूण व कॅमचक्राची खूण जुळवून साखळी चढविली, नवा टेन्शनर बसविला, क्रँक हाताने दोनदा फिरवून खुणा पुन्हा पाहिल्या. क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमची एकच, हा हिशेब आम्हांस पन्नाशीत कळला.

वडिलांची ठेव आमच्या घाईने मोडत होती; परक्या गावातल्या सावकाश हातांनी ती राखली.