अर्ध्या पानाची साक्ष

महसूल खात्याच्या दप्तरात सातबाऱ्याचे उतारे आणि हद्दीचे तंटे यांच्या सहवासात उमेदीची सारी वर्षे घालविलेल्या माणसाच्या हातून निवृत्तीनंतर बागकाम घडू लागले, तर त्यात हौसेपेक्षा रिकामपणाचाच वाटा अधिक असतो, हे प्रथमच कबूल करून टाकतो. आमचे बिऱ्हाड नाशकात द्वारकेला, मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता जेथे एकमेकांना भेटतात त्या चौकापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे अहोरात्र धावणाऱ्या मालमोटारींचा धुरळा आमच्या सज्जातील कुंड्यांवर नेमाने येऊन बसतो आणि सकाळी ओल्या फडक्याने पाने पुसणे हा माझ्या दिनचर्येचा पहिला विधी होऊन बसला आहे. या सज्जात तुळस, कोरफड, एक दांडगा मनीप्लांट आणि या सर्वांहून कुलीन असा एक अनंत आहे. तो आमच्या सौभाग्यवतींनी गंगापूर रस्त्यावरील एका रोपवाटिकेतून आणलेला. आणि माहेरच्या अंगणातील अनंताच्या शुभ्र फुलांची आठवण त्याला चिकटलेली असल्यामुळे त्याच्या प्रकृतीची जबाबदारी आपोआपच माझ्याकडे वर्ग झाली.

फाल्गुन सरता सरता या अनंताच्या शेंड्याकडील कोवळ्या पानांचा वर्ण उतरू लागला. पान सरसकट पिवळे पडले असते तर ते उन्हाच्या माथी मारून मी स्वस्थ बसलो असतो. परंतु येथे शिरा हिरव्यागार राहून त्यांच्यामधला भाग तेवढा फिकट होत चालला होता, जणू नकाशातील नद्या जशाच्या तशा ठेवून कोणी मधला मुलूख खरवडून काढला असावा. पुढच्या पंधरवड्यात तर सर्वांत नवी पाने हस्तिदंती रंगाचीच उमलली आणि त्यांच्या कडा करपू लागल्या.

रोगाचे निदान होण्यापूर्वीच उपचार सुरू करण्याची जी उतावीळ मनुष्यस्वभावात आहे, तिला मीही अपवाद ठरलो नाही. झाड तहानले असेल म्हणून पाणी वाढविले. भुकेले असेल म्हणून शेणखत घातले. आणि राखेत पालाश असते असे कोठेसे ऐकले होते, तेवढ्या भांडवलावर, निफाडकडील सासुरवाडीहून भांडी घासण्यासाठी आलेली चुलीची राख दर आठवड्याला दोन मुठी कुंडीत टाकू लागलो. झाड अधिकच पांढरे पडले. ‘‘अहो, त्याला जरा एकटे सोडाल का?’’ असे सौभाग्यवती एकदा म्हणाल्या. परंतु दुखणाइताला एकटे सोडणे हे मला कर्तव्यच्युतीसारखे वाटत असल्यामुळे मी तिकडे कानाडोळा केला.

चैत्रात माझे मेहुणे आप्पा कोर्टाच्या कामासाठी शहरात आले आणि जेवणासाठी आमच्याकडे थांबले. निफाड तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे आणि पानावरून वेलीचे मन ओळखण्यात त्यांची हयात गेली आहे. हात धुण्यासाठी ते सज्जात गेले आणि तेथेच उकिडवे बसले. जेवण निवत होते, पण त्यांची जबानी घेणे चालूच राहिले. ‘‘दाजी, आधी कोणतं पान पिवळं झालं? खालचं जुनं का शेंड्याचं?’’

हा प्रश्न मला तोवर सुचलाच नव्हता आणि सारा तपास त्याच एका प्रश्नावर उभा होता. नत्र कमी पडले तर झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना देते, म्हणून खालची पाने आधी आणि सरसकट पिवळी होतात. मॅग्नेशियम कमी पडले तर शिरांमधला भागच पिवळा पडतो खरा, परंतु तोही प्रथम जुन्या पानांवर. लोहाचे तसे नाही. एकदा ज्या पानात ते स्थिरावले तेथून ते सहसा हलत नाही, आणि म्हणून त्याची टंचाई पडली की जुन्या पिढीचे वैभव कायम राहून नवी पिढीच निर्धन जन्माला येते. तरीही आप्पांनी घाईने फैसला दिला नाही. धुळीच्या जागी लाल कोळी माजतो म्हणून त्यांनी एक कोरा कागद मागवून त्यावर फांदी झटकली. कागदावर एकही ठिपका चालताना दिसला नाही. मुळे कुजली असतील म्हणून कुंडी कलती करून मातीचा वास घेतला. तो स्वच्छ होता. ‘‘हा केवडा,’’ ते म्हणाले, ‘‘पण आमच्या द्राक्षावरला नाही, उसावरला.’’ एकाच नावाची दोन दुखणी शेतकऱ्यांच्या बोलीत कशी नांदतात ते तेव्हा मला कळले. द्राक्षावरचा केवडा ही बुरशी, आणि चुनखडीच्या रानातील उसाचा केवडा ही लोहाची उपासमार.

मग त्यांनी जेवणाच्या ताटातील लिंबाची फोड कुंडीतील मातीवर पिळली. माती फसफसली. ‘‘चुना,’’ एवढेच ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांवरचा पडदा त्या फसफशीने दूर झाला. आपल्या या मुलखातील काळी माती ज्या काळ्या खडकापासून झाली, त्यात लोहाचा तुटवडा मुळीच नाही. परंतु त्या मातीत चुनखडीही असते, आणि चुन्यामुळे माती अल्कधर्मी झाली की तेच लोह गंजाच्या रूपात अविद्राव्य होऊन बसते व मुळांना ते उचलता येत नाही. अनंत तर मुळातच आम्लधर्मी मातीत रमणारा. अशा झाडाला रोपवाटिकेच्या पिशवीतून काढून मी शेतातल्या काळ्या मातीत बसविले होते. वर आमच्या इमारतीच्या कूपनलिकेचे पाणी पाजत होतो, ज्याने नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते. आणि एवढ्यानेही भागले नाही म्हणून राख, जी स्वतःच क्षारांची खाण, ती मूठमूठ घालीत होतो. ज्या कोठारात धान्य गच्च भरले होते त्याच्याच दाराला मी रोज एकेक कुलूप ठोकीत होतो.

परंतु दप्तरी माणसाला पुराव्यावाचून समाधान नसते. एझेब ग्री नावाच्या फ्रेंच संशोधकाने १८४० च्या दशकात पिवळ्या पानांवर लोहाच्या क्षाराचे पाणी लावून ती हिरवी होतात असे दाखविले होते, हे मी पूर्वी कोठेतरी वाचले होते. भद्रकालीच्या बाजारातून हिराकस आणला. निळसर हिरवे खडे पाहून घेतले, कारण हवेने तपकिरी झालेला हिराकस निरुपयोगी होतो. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून त्यात थोडा लिंबाचा रस घातला, आणि सूर्य मावळल्यावर एका फिकट पानाच्या मधल्या शिरेच्या केवळ उजव्या अंगाला ते पाणी कुंचल्याने दोन्ही बाजूंनी लावले. डाव्या अंगाला स्पर्शही केला नाही. आठव्या दिवशी उजव्या अंगावर हिरवे शिंतोडे दिसू लागले, आणि बाराव्या दिवशी ते पान अर्धे हिरवे व अर्धे पिवळे असे, वाटणीपत्र झालेल्या शेतासारखे, माझ्यासमोर उभे राहिले. इतक्या निःसंदिग्ध साक्षीदाराशी माझी नोकरीत कधी गाठ पडली नव्हती.

पुढचे काम सरळ होते. दहा-दहा दिवसांच्या अंतराने साऱ्या झाडावर सायंकाळी तीन फवारे दिले. त्यांतले थेंब फरशीवर पडून जे तांबडे डाग उमटले ते आजही तेथे आहेत आणि त्यांविषयीची तक्रार अद्याप निकालात निघालेली नाही. फवारा ही तात्पुरती तगाई. कायमची तजवीज मातीचीच करावयास हवी, म्हणून मुळांना धक्का न लावता निघेल तेवढी काळी माती काढून तेथे कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत आणि नारळाचा भुसा भरला. कूपनलिकेचे पाणी बंद करून महापालिकेच्या नळाचे, म्हणजे गंगापूर धरणाचे, पाणी बादलीत भरून देऊ लागलो, आणि ज्येष्ठात पाऊस सुरू होताच पागोळ्यांखाली घमेली मांडली. जी पाने पांढरी पडून करपली होती ती सुधारली नाहीत, गळाली. मात्र त्यांच्यानंतर आलेले प्रत्येक पान गडद आणि तुकतुकीत होते. आषाढात तीन फुले आली. त्यांतले पहिले सौभाग्यवतींनी देवाला वाहिले, दुसरे केसांत माळले, आणि तिसरे झाडावरच राहू द्या, असे मला बजावले.

आप्पांना मी ही हकीकत पत्राने सविस्तर कळविली. आठवड्याभरात त्यांच्याकडून कोणी येणारा-जाणारा द्राक्षाच्या काड्यांची एक मोळी आणि राखेचा एक भरलेला डबा देऊन गेला, आणि डब्यावर चिकटविलेल्या चिठोऱ्यावर त्यांच्या हातचे तीनच शब्द होते: ‘‘फक्त भांड्यांसाठी, दाजी.’’