घर मोठं, पण खिडकी केवढी?

मैत्रिणींनो, भोरचा राजवाडा पाहून वेल्ह्याला, तोरण्याच्या पायथ्याशी गेलात, की एखाद्या जुन्या घरात डोकावा. पडवी, ओटी, माजघर, माळा... जागाच जागा! मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. पॅरिसला तर ९ चौरस मीटरची, म्हणजे जेमतेम ९७ चौरस फुटांची खोलीही भाड्याने देता येते. तिथल्या बाईला हा वाडाच वाटेल!

पण स्वयंपाकघरात जा. काही घरांत अजून चूल, धूर आणि वितीएवढा झरोका. फ्रान्सच्या २००२ च्या नियमात मात्र त्या इवल्या खोलीलाही बाहेर उघडणारी खिडकी अन् पुरेसा उजेड सक्तीचा आहे.

घर बांधताना चौरस फूट मोजाच. पण आधी विचारा, जिथं आपला निम्मा दिवस जातो, तिथं खिडकी केवढी?