मावशीची झडप

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असं सर्जन थिएटरच्या दारात येऊन सांगतात ते खरंच असतं. पण त्या दिवसापुरतं. मावशीच्या हृदयातल्या मायट्रल झडपेचे चिकटलेले पडदे मोकळे केले, भोवती कडं शिवलं, आत सलाइन भरून गळत नाही ना ते पाहिलं. आम्ही पेढे वाटले. झडप मात्र लगेच कामाला लागली होती. दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडायचं, तितक्याच वेळा मिटायचं. वीस वर्षांत सत्तर कोटींच्या वर.

झडप बदलण्याआधी दुरुस्त करून पाहा, हा आग्रह पॅरिसच्या आलँ कार्पांतिए यांचा. गंमत अशी की, डुकराच्या झडपेवर ग्लुटारल्डिहाइडची प्रक्रिया करून ती माणसाच्या हृदयात टिकेल अशी करणारेही तेच. बदली माल ज्यानं स्वतः तयार केला, तोच जुनं वाचवायच्या मागे लागला. १९८३ साली अमेरिकन सर्जनांपुढे त्यांनी आपली पद्धत मांडली, ती ‘फ्रेंच करेक्शन’ म्हणून गाजली. झडप पूर्वीसारखी दिसलीच पाहिजे हा हट्ट त्यांनी धरला नाही. नीट मिटली म्हणजे झालं. मला हा समंजसपणा फार आवडतो.

त्यांच्या पथकाचे वीस वर्षांचे हिशेब २००१ साली छापून आले. १९७० ते १९८४ या काळातले १६२ रुग्ण, बहुतेकांची झडप झिजून सैल पडलेली. पुन्हा टेबलावर जावं लागलं ते फक्त ७ जणांना, आणि आयुष्य त्याच वयाच्या चारचौघांइतकंच. वाचताना हेवा वाटला. कारण त्याच वर्षी त्याच पथकानं दुसराही हिशेब दिला होता: ९५१ रुग्ण, झडप रुमॅटिक तापानं खराब झालेली. दुसरी शस्त्रक्रिया टळली ती दहा वर्षांनी ८२ टक्के जणांची, वीस वर्षांनी ५५ टक्के जणांची. पथक तेच, पद्धत तीच; दुखणं वेगळं.

मावशी या दुसऱ्या हिशेबातली. लहानपणी घसा दुखला, मग गुडघा सुजला, मग घोटा. वाढीचं वय म्हणून आजीनं शेक दिला. सांधे बरे झाले. घशातल्या जंतूंवर उठलेली शरीराची फौज हृदयाच्या पडद्यांवरही चालून गेली होती, ते लग्नानंतर जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा कळलं. असा जाड, आखडलेला पडदा मोकळा करता येतो, पण त्यातला आजार कापून काढता येत नाही. घसा पुन्हा तसाच धरला तर तो पुन्हा चेततो.

म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिड्युअर. कमरेत घ्यायचं जाडसर पांढरं इंजेक्शन. नंतर दिवसभर पाय ओढत चालायचं. रिअॅक्शनच्या धास्तीनं गावातले डॉक्टर ते द्यायला कचरत, मग तालुक्याची एसटी. तिथल्या सिस्टर आधी टेस्ट डोस देत, मग तिला अर्धा तास बाकावर बसवून ठेवत. सर्जनचं नाव मावशीला आज आठवत नाही. सिस्टरांच्या मुलीच्या लग्नाला ती आहेर घेऊन गेली होती. मला विचाराल तर तिचं बरोबर आहे. आपल्याकडची दुरुस्ती किती टिकणार, यातला मोठा वाटा त्या बाकावर ठरतो.

तेव्हाच यांत्रिक झडप का बसवली नाही, असं लोक विचारत. त्याचं उत्तर माझे दोन मावसभाऊ. यांत्रिक झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून जन्मभर घ्यायची गोळी पोटातल्या बाळाला अपाय करू शकते. दुरुस्तीमुळे ती गोळी लांबली, आणि मधल्या वर्षांत दोन्ही बाळंतपणं झाली. पुढे झडप आखडलीच आणि यांत्रिक बसवावी लागली. एखाद्या अहवालात मावशीची नोंद ‘पुन्हा शस्त्रक्रिया’ याच रकान्यात होईल. होऊ दे, त्यात मुलांसाठी रकाना नसतो.

आता ती गोळी सुरू आहे, शिवाय पेनिड्युअरही. महिन्याला रक्त तपासायचं. पालेभाजीनं गोळीचा जोर कमी-जास्त होतो, म्हणून ती खा, पण रोज सारख्याच मापानं, असं डॉक्टरांनी बजावलंय. थंडीत मेथी स्वस्त झाली की काका पिशवीभर जुड्या घेऊन येतात, आणि त्यावरून घरात ठरलेलं भांडण होतं.