मुलांबरोबर हंपीस

बंगळुरात आमचा एक रविवारचा मराठी वर्ग आहे. मुले सारी येथेच जन्मलेली. शाळेत इंग्रजी, मैदानावर आणि रस्त्यावर कन्नड, आणि घरात आजी असेल तोवर मराठी, अशी त्यांच्या भाषांची वाटणी झालेली आहे. आम्ही शिकविणारे तिघे जण त्या तिसऱ्या वाट्याची राखण करतो. राखण करता करता मनुष्य थोडा हिशेबी होतो. मराठी वाक्यात एखादा कन्नड शब्द शिरला, की आपल्या खात्यातून काही वजा झाल्यासारखे आम्हांस वाटते. गेल्या डिसेंबरात वर्गातील एकोणीस मुलांना घेऊन आम्ही हंपीस गेलो, तेव्हा हा हिशेबही आमच्याबरोबर गाडीत बसला होता.

हंपी निवडण्याचे कारण विठ्ठल. कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती विजयनगरास नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही कथा महाराष्ट्रात घरोघर सांगतात. आम्ही ती दोन रविवार रंगवून सांगितली होती. मुलांनी ते रिकामे देऊळ डोळ्यांनी पाहावे, आणि आपला देव आपल्याकडे परत आला याचे समाधान त्यांस व्हावे, असा आमचा बेत होता.

रात्रीच्या हंपी एक्सप्रेसने निघून सकाळी आम्ही होसपेटेस उतरलो. तेथून हंपी तेरा किलोमीटर. १३३६ साली हरिहर आणि बुक्क यांनी वसविलेले, १५२०च्या सुमारास पाइश नावाच्या पोर्तुगीज प्रवाशाला रोमएवढे विस्तीर्ण वाटलेले नगर आपण पाहणार, असे मुलांना बजावून ठेवले होते. बस थांबली. चोहोकडे तांबूस शिळांचे ढीग, जणू कोणी डोंगर फोडून ते तसेच टाकून दिलेले. सातवीतल्या एका मुलाने खाली उतरून सभोवार पाहिले आणि विचारले, "सर, पण शहर कुठे आहे?"

त्या दोन दिवसांत मुलांनी जे प्रश्न विचारले त्यांतला हा पहिला. आणि खरे सांगायचे तर तो सर्वांत सोपा होता.

विरूपाक्षाच्या देवळात मुले रमली. तेथे पूजा अजून चालू आहे, उदबत्तीचा वास आहे, माणसांची वर्दळ आहे. मागील बाजूच्या एका अंधाऱ्या दालनात भिंतीतल्या छिद्रातून समोरच्या गोपुराची सावली उलटी पडते, ती पाहण्यासाठी मुलांनी तीन वेळा रांग लावली. मंडपासमोरच्या उभ्या शिळेवर कृष्णदेवरायाच्या राज्याभिषेकाच्या वेळचा लेख आहे. आम्ही त्याचे महत्त्व सांगू लागलो, तोवर दोघी मुली शिळेजवळ जाऊन एकेक अक्षर लावू लागल्या होत्या. पाचशे वर्षांपूर्वीचे ते वळण त्यांना सगळे थोडेच लागणार! पण एक 'श्री' सापडला, एक 'कृ' सापडल्यासारखा वाटला, आणि त्या आनंदाने ओरडल्या. आमच्यापैकी एकालाही कन्नड अक्षर वाचता येत नाही. वीस-वीस वर्षे बंगळुरात काढलेली आम्ही माणसे त्या शिळेपुढे निरक्षर उभी होतो, आणि आमची मुले वाचत होती.

देवळापुढच्या बाजाररस्त्याच्या दोन्ही बाजूंस दगडी खांबांचे ओसाड मंडप आहेत. त्यांत २०११ सालापर्यंत माणसे राहत होती, दुकाने चालवीत होती. त्या वर्षी वारशाच्या रक्षणासाठी ती हलविण्यात आली, असे सोबतच्या वाटाड्याने सांगितले. "म्हणजे शहर दोनदा रिकामे झाले," एक मुलगी म्हणाली. वहीत आम्ही फक्त १५६५ लिहून आणले होते.

त्या १५६५नेच दुपारी आम्हांस गाठले. उग्रनरसिंहाची मूर्ती १५२८ सालची, एका शिळेत कोरलेली, दोन पुरुषांहून उंच. तिचे हात तुटलेले आहेत. हे कोणी तोडले, असे मुलांनी विचारले. आम्ही सांगितले, की विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडे आणि बीदर येथील सुलतानांनी एकत्र येऊन रामरायाचा पराभव केला. तो रणांगणावर मारला गेला, आणि त्यानंतर कित्येक महिने हे नगर लुटले जात होते. सारे सावरून सांगितले होते. तरी एका मुलाने विचारलेच, "मग तेव्हा आपण कुठल्या बाजूला होतो?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. 'आपण' म्हणजे कोण? अहमदनगर आणि विजापूर यांच्या मुलखात मराठी माणसे नांदत होती आणि त्यांच्या फौजांत चाकरीही करीत होती. ज्यांच्यामुळे बंगळूर आपलेसे वाटते असे आम्ही या मुलांना नेहमी सांगतो, ते शहाजीराजे १६३८च्या स्वारीनंतर या शहरी आले तेही आदिलशाहीचे सरदार म्हणूनच. आणि ही मुले तर कर्नाटकाचे पाणी पिऊन वाढलेली. आम्ही म्हणालो, "दोन्ही बाजूंना थोडेथोडे." उत्तर चुकवल्यासारखे वाटले, पण त्याहून खरे उत्तर आम्हांस आजही सुचत नाही.

राजवाड्याच्या आवारात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. हत्तींच्या पागेचे अकरा घुमटी दालनांचे बांधकाम पाहून मुलांनी हत्तींचा हेवा केला. काळ्या दगडाची पायऱ्यापायऱ्यांची पुष्करिणी १९८०च्या दशकात उत्खननात सापडली. तिच्या दगडांवर कोणता दगड कोणत्या दिशेला आणि कोणत्या ओळीत बसवायचा याच्या खुणा कन्नडमध्ये कोरलेल्या आहेत, हे ऐकताच मुलांना तो राजाचा हौद वाटेनासा झाला; ती गवंड्यांची वस्तू झाली. राजाचे नाव विसरलेला मुलगाही त्या खुणा विसरला नाही. परतताना केळीच्या बागांतून वाहणारे पाणी दिसले. विजयनगरच्या काळात खोदलेले कालवे आजही ही शेते भिजवितात, असे वाटाड्या म्हणाला. "तर मग शहर मेलेले नाही," सकाळी शहर शोधणारा तोच मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठलाचे देऊळ. पन्नासाच्या नोटेवर ज्याचे चित्र आहे तो दगडी रथ पाहून मुलांनी खिशांतल्या नोटा काढून ताडून पाहिल्या. नंतर आम्ही त्यांस गाभाऱ्याशी नेले. आत अंधार, आणि मूर्ती नाही. आम्ही कथा पुन्हा सांगावयास आरंभ केला. आमचे मराठी ऐकून वाटाड्या हसला आणि मुलांना कन्नडमध्ये काही म्हणाला. मुलेही हसली. विचारल्यावर एकाने भाषांतर केले, "ते म्हणतात, तुमच्या लोकांनी आमचा विठ्ठल नेला."

आम्ही थोडे चिडलो. नेला कसा, परत आणला, असे म्हणालो. तेव्हा शिलालेखाशी अक्षरे लावणारी एक मुलगी शांतपणे म्हणाली, "पण सर, चार दिवसांच्या पाहुण्यासाठी कोणी एवढे मोठे घर बांधतो का?"

या देवळाला कृष्णदेवरायाच्या राण्यांनी १५१३ साली गोपुरे बांधल्याचे लेख आहेत. भानुदासांची कथा ही परंपरा आहे. ती इतिहासासारखी ठाम सांगण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, आणि हे आम्हांस वर्गातही ठाऊक होते. कथा खुलते म्हणून आम्ही 'असे सांगतात' हे दोन शब्द गाळले होते. ते तेथे, त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर, मुलांना सांगून टाकले. मुलांना त्याचे काही विशेष वाटले नाही. मोठ्यांच्या कथांतून काही शब्द गळतात हे त्यांस आधीच माहीत असावे.

देवळातून नदीकडे उतरले, की तुंगभद्रेच्या काठी पुरंदरदासांचा मंडप लागतो. आम्ही सावली म्हणून बसलो. बंगळुरात कर्नाटक संगीत शिकणारी एक लहान मुलगी एकाएकी ताठ बसली. सरावाचे पहिले धडे ज्यांनी घालून दिले असे तिच्या गुरूंनी सांगितले होते, ते हेच पुरंदरदास का, असे तिने विचारले. होय म्हणताच ती म्हणाली, "त्यांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी विठ्ठलाचे नाव येते." पुरंदरदासांचे मूळ गाव पुण्याजवळच्या पुरंदरचे, असे एक परंपरा सांगते, दुसरी ते मलनाडात नेते. या खेपेस आम्ही दोन्ही सांगितल्या. ती मुलगी मग हलक्या आवाजात सा-रे-ग-म म्हणू लागली, आणि आणखी तिघींनी तिला साथ दिली. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटले आहे, हे आम्ही अनेकदा शिकविले होते. ते समजले मात्र त्या मंडपात.

रात्री होसपेटे स्थानकावर परतीच्या गाडीची वाट पाहताना मुलांना वह्या दिल्या आणि हंपीत प्रथम काय मनात आले ते मराठीत लिहावयास सांगितले. बहुतेकांनी ऊन आणि दगड लिहिले. एकीने लिहिले, 'राजे कुठे झोपत ते कळले नाही, हत्ती कुठे झोपत ते कळले.' शहर शोधणाऱ्या मुलाने लिहिले, 'मला शहर दिसले नाही. मग कालुवे दिसला. त्यात पाणी होते.'

कालुवे! आम्ही लाल पेन्सिल उचलली. कालव्याला कन्नडमध्ये कालुवे म्हणतात; मुलाने मराठी वाक्यात तो शब्द सहज घातला होता. पेन्सिल टेकविणार तोच तो शब्द आम्ही पुन्हा एकदा वाचला. कालवा, कालुवे. या दोन शब्दांचे पाणी कोठून कोठे आले, हे ठरविण्याची घाई आम्हांस त्या रात्री नव्हती. गाडी आली. वही न तपासताच आम्ही ती मुलाला परत दिली.