चौकातच राहिलेले गाणे

सरावली, ता. डहाणू

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

परंपरेतील गाणी आजच्या गायिकेने अल्बममध्ये कशी आणावीत, या प्रश्नाचे एक भरवशाचे उत्तर मेक्सिकोच्या रांचेरा संगीतात मिळते. ‘रांचो’ म्हणजे गुरांचा आणि शेतीचा मळा. तेथील वस्तीत रुजलेल्या, १९१० च्या मेक्सिकन क्रांतीनंतर देशाभिमानाचा सूर धरलेल्या आणि प्रेम, विरह, जन्मभूमी यांविषयी मोकळ्या गळ्याने गाणाऱ्या गीतप्रकारास रांचेरा म्हणतात. व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटार आणि गिटारोन हे मोठ्या पोटाचे तंतुवाद्य यांचा ताफा, म्हणजेच मारियाची, त्याला साथ करतो. इंग्रजी रॉक गाण्यांमुळे नावारूपाला आलेल्या अमेरिकन गायिका लिंडा रॉन्स्टाट यांनी १९८७ मध्ये ‘कान्सिओनेस दे मी पाद्रे’, म्हणजे ‘माझ्या वडिलांची गाणी’, हा अल्बम काढला. ही गाणी त्यांनी टूसॉनच्या घरी लहानपणी ऐकलेली होती, आणि अल्बमचे नावही त्यांच्या आत्या लुईसा एस्पिनेल यांनी १९४६ मध्ये छापलेल्या गीतपुस्तिकेवरून घेतलेले होते. साथीला मारियाची वार्गास दे तेकालित्लान हा मेक्सिकोतील जुना नामांकित ताफा होता. एकट्या अमेरिकेत या अल्बमच्या २० लाखांहून अधिक प्रती खपल्या. तथापि त्याचे खरे मोल असे की, गाणे जिथून आले ते घर, ती पुस्तिका आणि ते वादक गायिकेने मागे सोडले नाहीत.

डहाणू-तलासरीच्या वारली समाजात याच्या उलट घडले. वारली लग्नात घराच्या भिंतीवर सवासिनी, म्हणजे ज्यांचे पती हयात आहेत अशा स्त्रिया, तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात. मधोमध पालघट ही सर्जनाची देवता असते, आणि लग्न लावणारी धवलेरी शेजारी गाणी म्हणून देवांना बोलावते. धवलेरी ही पुरोहिताचा मान असलेली स्त्री होय. तिची गाणी हा त्या विधीचाच भाग आहे, करमणूक नव्हे. रेषा हाताने आणि देव गळ्याने, अशी ही दुहेरी रचना आहे. १९७० च्या दशकात हे चित्र भिंतीवरून कागदावर आले, डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते देशोदेशी पोचवले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र जगभर गेले, त्यासोबतचे गाणे मात्र चौकातच राहिले. आज वारली नक्षी चादरींवर आणि पेल्यांवर दिसते, पण ती लिहिताना म्हटलेली गाणी त्या वस्तू विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या कानी पडली असतील, ही गोष्ट मनाला लागते.

वारल्यांच्याच तारपा या वाद्याच्या वाट्याला थोडा न्याय आला आहे. वाळलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, असे हे वाद्य गालात हवा साठवून, फुंक तुटू न देता वाजवावे लागते. तारपकरी मध्ये चालतो, भोवती नाचणाऱ्यांची साखळी फिरते आणि त्याची चाल बदलली की पावलेही बदलतात. जव्हार तालुक्यातील ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. धवलेरीचे गाणे मात्र व्यासपीठावर सहज नेता येत नाही, कारण मांडव, पीठ, सवासिनी आणि नवरा-नवरी यांच्यावाचून ते अर्धे आहे.

रांचेरा आधीच चित्रपट, रेडिओ आणि रेकॉर्ड यांवरून घरोघरी पोचले होते, म्हणून ते एका गळ्यावर पेलता आले. वारली गाण्याला ती वाट मिळालेली नाही. त्यामुळे त्याचा अल्बम निघाल्यास तो स्टुडिओत न होता धवलेरीच्या परवानगीने मांडवातच ध्वनिमुद्रित व्हावा, गाणे तीन मिनिटांत कापू नये, सिंथेसायझरचा ठेका लावू नये, आणि वारली बोलीतील शब्द मराठी अर्थासह सोबत छापावेत. मोबदल्यातही तिचा वाटा आधी ठरावा.

तुझ्या अल्बमचे काम ठरले, तर आधी धवलेरीच्या शेजारी बसून एक पूर्ण लग्न ऐक, आणि मुखपृष्ठावर पहिले नाव तिचे घाल. तुझे त्याखाली येऊ दे.

मामाचे आशीर्वाद.